सर्कल म्हणजे राज्य नव्हे

लग्नसराईत घरोघर पत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. त्यातल्या मजकुरापेक्षा मला पत्ते वाचायला जास्त आवडतात. एका पाकिटावर ‘मु. पो. चंदगड, जि. कोल्हापूर’, दुसऱ्यावर ‘ता. खानापूर, जि. बेळगाव’, तिसऱ्यावर तेच ‘बेळगावी’, आणि व्याह्यांकडून आलेल्या चौथ्यावर सगळा पत्ता कन्नडमध्ये. काही पत्त्यांत ‘मु. पो.’ एकत्र असते, काहींत ‘मु.’ एक गाव आणि ‘पो.’ दुसरेच गाव. ज्या गावाला स्वतःचे पोस्ट नाही तिथली ही तऱ्हा. आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही यातले इंगित कळते. आजोळचे पोस्ट शेजारच्या गावात आहे, हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

हे आठवायचे कारण म्हणजे आमचा एक जुना विद्यार्थी. बी.कॉम. झाला, काही दिवस इकडेच खटपट केली, आणि मग आपल्या भागातली बरीच मुले जातात तसा वापीकडे गेला. आता सिल्वासाच्या एका सूत कारखान्यात डिस्पॅच बघतो. सिल्वासा म्हणजे आपले सेलवास. दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य ठिकाण. कर-सवलतींच्या काळात तिथे कारखान्यांची रांग लागली आणि पॉलिस्टर सुताचे ते मोठे केंद्र झाले. कारखान्यातून माल देशभर जातो, शिवाय कामगारांचे कागद त्यांच्या मूळ गावी पाठवावे लागतात. या पत्त्यांच्या कामासाठी कंपनीने आता एक एआय एजंट बसवला आहे.

एजंट म्हटले की आपल्याला विमेवाला आठवतो, नाहीतर आरटीओच्या दारातला. हा त्यातला नव्हे, तरी दोघांशी थोडे नाते आहे. संगणकातला हा मदतनीस सांगितलेले काम स्वतःच पायऱ्या पाडून करतो आणि वाटेत गरज पडेल तशी वेगवेगळी साधने वापरतो. हिशेबाला एक साधन, हवामानाला एक, पिनकोड शोधायला एक. कोणते साधन कधी वापरायचे, त्याला काय द्यायचे आणि त्याने दिलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे मुख्यतः त्या साधनासोबत लिहून दिलेल्या माहितीपत्रकावरून तो ठरवतो. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक या कंपनीने अशी साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत जाहीर केली, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची. तेव्हापासून अशा साधनांचे पेव फुटले आहे. साधन बनवणारे पुष्कळ झाले, पण माहितीपत्रक नीट लिहिणारे थोडे.

विद्यार्थ्याचा फोन आला. “सर, ह्याचं इंग्रजी तेवढं तपासून द्या की. मशीन हेच वाचतंय म्हणे, दुसरं काय बघतच नाही.” मी म्हटले, मला संगणकातले काय कळते? तो म्हणाला, “संगणकाचं मी बघतो. वाक्याचा अर्थ एकच निघतोय का दोन, तेवढं तुम्ही सांगा.” मास्तराला याहून सोयीचे काम कोणते? सात पानी कागद छापून घेतला आणि उत्तरपत्रिका तपासतात तसा लाल पेन घेऊन बसलो.

ज्या गावात बसून हा मुलगा काम करतो त्या गावाचा पत्ता हीच मुळात एक परीक्षा आहे. पेशव्यांनी पोर्तुगीजांशी १७७९ साली तह केला आणि त्यातून पुढे १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे पोर्तुगीजांकडे गेली. दादरा १७८५ मध्ये गेले. दादरा आणि नगर हवेली हे एकमेकांना चिकटलेलेही नाहीत. मध्ये गुजरातची पट्टी आहे. आणि नगर हवेलीच्या पोटात मेघवाळ नावाचे एक गाव आहे, ते गुजरातचे! १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हा मुलूख मुक्त केला. दादरा २२ जुलैला, सिल्वासा २ ऑगस्टला. त्यात आपले संगीतकार सुधीर फडकेही होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मुक्तीनंतर तिथे पोर्तुगीज भारताच्या टपाल तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी ठसा मारून ती चालवली गेली. सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला, १९६१ च्या ऑगस्टमध्ये भारतात रीतसर विलीनीकरण झाले आणि केंद्रशासित प्रदेश बनला. पुढे २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. त्याचे नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’. एवढे लांब नाव फॉर्मच्या चौकटीत मावत नाही, ही तिथल्या कारकुनांची नेहमीची तक्रार. आता ‘दादरा आणि नगर हवेली’ हा त्या प्रदेशातला एक जिल्हा आहे. म्हणजे २०२० पूर्वीच्या कागदात जे राज्याच्या रकान्यात होते ते आज जिल्ह्याच्या रकान्यात जायला हवे.

आता पिनकोड. ही व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव, आणि एरवी संस्कृतचे पंडित व कवी. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषांतले पत्ते आणि अक्षराचे हाल, या गोंधळावर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटपाच्या ऑफिसचे. इथे ‘जिल्हा’ म्हणजे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, जिल्हाधिकाऱ्यांचा नव्हे. कोल्हापूर ४१६००१, चंदगड ४१६५०९, आणि सीमा ओलांडताच बेळगाव ५९०००१, निपाणी ५९१२३७. आपल्याकडे राज्य बदलले की पहिला अंकही बदलतो, म्हणून पिनकोडवरून राज्य ओळखता येते असा आपला समज होतो. तिकडे तसे नाही. सिल्वासा ३९६२३०, वापी ३९६१९१, वलसाड ३९६००१, दमण ३९६२१०. सगळे ३९६! पहिल्या तीन अंकांवरून गुजरात कोणते आणि केंद्रशासित प्रदेश कोणता, हे कळण्याची सोय नाही. उलट दीवचा ३६२५२०, तो जुनागढच्या घरातला. एकाच प्रदेशाची दोन लेकरे दोन आत्यांकडे वाढल्यासारखी.

तर माहितीपत्रक. पहिल्याच पानावर साधनाचे वर्णन होते एका ओळीचे, ‘पिनकोडवरून पोस्ट ऑफिसची माहिती देते’ अशा अर्थाचे. दुसऱ्या पानावर उत्तरात येणाऱ्या रकान्यांची यादी होती. ऑफिसचे नाव, प्रकार, वाटप होते की नाही, सर्कल, रिजन, डिव्हिजन, जिल्हा, राज्य. प्रत्येकापुढे दोन-चार शब्दांचा खुलासा. सर्कलपुढे लिहिले होते, ‘पोस्ट ऑफिस ज्या राज्यात आहे ते’. तिथेच लाल पेन थांबले.

सर्कल हा टपाल खात्याचा कारभाराचा भाग आहे. देशात अशी २३ सर्कले आहेत आणि राज्ये-केंद्रशासित प्रदेश मिळून ३६. गणित तिथेच चुकते. दादरा-नगर हवेली गुजरात सर्कलमध्ये येते. पणजीचे पोस्ट महाराष्ट्र सर्कलमध्ये येते. पुदुच्चेरी तमिळनाडूत, लक्षद्वीप केरळमध्ये, सिक्कीम पश्चिम बंगालमध्ये. सर्कल म्हणजे राज्य असे एकदा लिहून दिले की यंत्र गोव्याच्या माणसाला बिनदिक्कत महाराष्ट्रात आणून बसवणार. माणसाला हसू येईल. यंत्राला नाही.

हा शब्द आपल्या दुभाषी घरांत तर आणखीच अवघड. मराठी खेड्यात ‘सर्कल आलेत’ म्हटले की मंडल अधिकारी आले असे समजतात. कर्नाटकात पोस्टाच्या पाटीवर सर्कलला ‘वृत्त’ म्हणतात, अंचे वृत्त. आणि मराठी वाचकाला वृत्त म्हणजे बातमी, फार तर कवितेचे. आमच्या घरी सौभाग्यवती कन्नड शाळेत शिकलेल्या. त्यांनी कागदावर नजर टाकून विचारले, “रिजन म्हणजे तरी काय इथे? भाग की कारण?” स्पेलिंग वेगळे, हे खरे, पण खुलाशाच्या जागी त्या कागदात ‘रिजन : रिजनचे नाव’ असे छापले होते. वर्गात एखाद्याने ‘उपमा म्हणजे उपमा अलंकार’ लिहिले तर आपण शून्य देतो. इथेही दिले.

याने काय बिघडते? बिघडले होते, म्हणून तर फोन आला होता. चाचणीच्या दिवसांत सिल्वासातल्याच एका गिऱ्हाइकाचे बिल यंत्राने तयार केले आणि राज्याच्या रकान्यात गुजरात घातले. व्यापारी वाचकांना पुढचे सांगायला नको. सिल्वासाच्या कारखान्याने सिल्वासाच्या गिऱ्हाइकाला विकले तर केंद्राचा जीएसटी आणि केंद्रशासित प्रदेशाचा जीएसटी असे दोन भाग लागतात. गिऱ्हाईक गुजरातचे दाखवले की तो आंतरराज्य व्यवहार होतो आणि सगळा कर आयजीएसटीत जातो. कराची रक्कम तेवढीच, पण चुकीच्या डब्यात. मग दुरुस्तीची बिले, गिऱ्हाइकाच्या शिव्या आणि सीएची फी. विद्यार्थ्याच्या वरिष्ठांनी त्यालाच बोलावून विचारले, पत्ता तू टाकलास का? त्याने टाकलाच नव्हता. पण यंत्राला कोण बोलावणार? नोकरीवर आले असते ते याच्याच. सात पानांच्या इंग्रजीसाठी त्याने जुन्या मास्तराला का गाठले, ते मला तेव्हा कळले.

दुसरी खोट मला जास्त गंभीर वाटली, आणि ती एका वाक्यात लपलेली होती. ‘माहिती न मिळाल्यास रिकामे उत्तर येते.’ माहिती न मिळण्याची कारणे दोन असू शकतात. असा पिनकोडच नाही, हे एक. पिनकोड आहे पण माहिती देणारा सर्व्हर बंद पडला आहे, हे दुसरे. टपाल कचेरीच्या खिडकीवर ‘अशा नावाचे गाव नाही’ म्हणणे वेगळे आणि ‘साहेब जेवायला गेलेत, नंतर या’ म्हणणे वेगळे. साधन दोन्हीला सारखाच रिकामा हात दाखवते. एजंटाचा स्वभाव असा, की रिकामा हात त्याला सोसत नाही. पुष्कळदा तो आपल्या स्मरणातून काहीतरी भरून टाकतो, आणि ते इतके बेमालूम असते की शंका येत नाही. चाचणीत एकदा साधन बंद असताना सिल्वासाच्या पत्त्यावर त्याने वापीचा पिनकोड टाकला. ३९६ ने सुरू होतो, सहा अंक बरोबर, गाव जवळचे. तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटला तो. साफ चुकीचा आकडा सापडतो. जवळपासचा चुकीचा आकडा सापडत नाही, हे आम्ही परीक्षक मंडळी चांगले जाणतो.

नावावरून शोधण्याचीही सोय त्यात आहे, आणि तिथे मला घरचाच दाखला सापडला. आंबोली! आपल्याला आंबोली म्हणजे बेळगावहून सावंतवाडीला जाताना लागणारी, पावसाची, ४१६५१०. पण आंबोली मुंबईत अंधेरीलाही आहे, आणि एक आंबोली खुद्द नगर हवेलीत, सिल्वासाहून खानवेलकडच्या बाजूला आहे. त्या कारखान्यात आपल्या सिंधुदुर्ग-चंदगड भागातली माणसे आहेत. त्यांच्यातला एखादा काम सोडून घरी आला आणि त्याच्या हिशेबाचा कागद ‘आंबोली’ला निघाला, तर तो घाट चढेल की दमणगंगेच्या काठीच फिरत राहील? माहितीपत्रक म्हणते, ‘नाव दिल्यास जुळणारी ऑफिसे मिळतात.’ किती मिळतात, कोणत्या क्रमाने, अर्धवट नाव जुळले तरी चालते का, याबद्दल अवाक्षर नाही. यंत्र पहिले नाव उचलते. खानापूरचे तेच. आपले खानापूर बेळगाव जिल्ह्यातले, पण सांगलीकराला विचाराल तर तो विट्याकडे बोट दाखवील. शिवाय कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे बेळगावी केले, विजापूरचे विजयपुरा केले. जुन्या नावाने शोधले तर सापडते का? सिल्वासा लिहायचे की सेलवास? पत्रकात एकच उदाहरण होते, नवी दिल्ली ११०००१. दिल्लीच्या पत्त्यात अडचण कुणाला येते?

वाटपाच्या रकान्याबद्दलही थोडे. एका पिनकोडखाली अनेक ऑफिसे असतात, एखादे सब ऑफिस आणि त्याच्या हाताखाली खेड्यांतली ब्रँच ऑफिसे. काही ऑफिसे नुसती खिडकी चालवतात, टपाल वाटत नाहीत. रकान्यात ते ‘वाटप’ आणि ‘वाटप नाही’ असे येते. यंत्राने ‘वाटप नाही’चा अर्थ ‘या गावात टपाल पोचत नाही’ असा लावला, आणि पत्ते बाद करून टाकले. टपाल पोचते, फक्त ते शेजारच्या ऑफिसातून पोचते. ‘मु.’ एक आणि ‘पो.’ दुसरे, एवढेच. पण हे लिहून न ठेवल्यास यंत्राला कोण सांगणार?

चांगले काहीच नव्हते असे नाही. पिनकोड सहा अंकी असावा, मध्ये जागा सोडू नये, हे स्पष्ट लिहिले होते. आपण ‘५९१ २३७’ असे तोडून लिहितो, म्हणून ते हवेच. उत्तराचा पूर्ण नमुना छापला होता, आणि नमुना ही शंभर वाक्यांच्या तोडीची गोष्ट असते. भाषा साधी होती, उगाच फुगवलेली नव्हती. मी वीसपैकी अकरा दिले. विद्यार्थी म्हणाला, “पास केलात की सर!” पास केले, कारण नापास करण्याजोगा कागद दुरुस्त करण्यात वेळ घालवावा असे मला वाटले नसते.

मग आम्ही दोन संध्याकाळी फोनवर बसून वर्णन नव्याने लिहिले. त्याचा मराठी आशय असा. ‘सहा अंकी भारतीय पिनकोड दिल्यास त्याखालील सर्व पोस्ट ऑफिसांची यादी मिळते, एकापेक्षा जास्त ऑफिसे असणे नेहमीचे आहे. सर्कल म्हणजे टपाल खात्याचा विभाग, राज्य नव्हे. राज्य हवे असल्यास राज्याचाच रकाना पाहावा. केवळ पिनकोडच्या सुरुवातीच्या अंकांवरून राज्य ठरवू नये. नावाने शोधल्यावर एकाहून अधिक ऑफिसे आली तर स्वतः निवडू नये, जिल्हा विचारावा. साधनाकडून उत्तर न आल्यास पिनकोड आठवणीतून भरू नये, काम थांबवून माणसाला कळवावे. कर-आकारणीसाठी राज्य ठरवताना गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक पाहावा, या साधनावर विसंबू नये.’ या शेवटच्या वाक्यावर मी अडून बसलो होतो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, त्या प्रदेशाचा आकडा २६. साधन कशासाठी वापरायचे नाही, हे सांगणारी ओळ पत्रक लिहिणाऱ्याला नकोशी असते, कारण ती जाहिरातीसारखी वाचत नाही.

उदाहरणेही बदलली. दिल्ली काढली आणि सिल्वासा, दीव, पणजी, मेघवाळ आणि आपली आंबोली घातली. जिथे चूक होते तिथलाच नमुना द्यावा, हे वर्गात व्याकरण शिकवताना आपण करतोच. नव्या पत्रकावर त्याने जुनेच पत्ते पुन्हा चालवले. सिल्वासाचे गिऱ्हाईक गुजरातेतून परत आले. आंबोलीला यंत्राने थांबून विचारले, ‘जिल्हा कोणता?’ “आयतु सर, झालं काम,” असा कन्नड-मराठी निरोप आला.

पूर्ण झालेले नाही, एक प्रश्न उरलाच. ही यादी कोणत्या तारखेची आहे? जिल्हे आणि प्रदेश बदलतात, नावे बदलतात, ब्रँच ऑफिसे नव्याने उघडतात. २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्याने स्वतःचे ‘आपला पिनकोड जाणा’ हे संकेतस्थळ आणि सोबत डिजिपिन आणले. डिजिपिन म्हणजे साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण. ती पिनकोडच्या जागी आलेली नाही, जोडीला आली आहे. म्हणजे पत्ता सांगण्याच्या पद्धती वाढतच आहेत. मग साधन ज्या यादीतून उत्तर देते ती यादी २०२० च्या आधीची असेल, तर त्यातला ‘राज्य’ रकानाच जुना असणार, आणि आमचे ‘राज्याचाच रकाना पाहावा’ हे वाक्य यंत्राला जुन्याच नावाकडे नेणार. विद्यार्थ्याने साधन पुरवणाऱ्यांना दोनदा लिहून विचारले. पहिल्या वेळी ‘माहिती नियमित अद्ययावत केली जाते’ असे उत्तर आले. नियमित म्हणजे केव्हा, हे त्यात नव्हते. दुसऱ्या पत्राचे उत्तर अजून यायचे आहे. तोवर त्याने तारखेच्या जागी ‘अज्ञात’ असे लिहून ठेवले आहे, आणि केंद्रशासित प्रदेशातले पत्ते रोज संध्याकाळी तो स्वतः डोळ्यांखालून घालतो.